घटक ६ : मार्गदर्शन योजनेचे मूल्यमापन – संरक्षण क्षेत्रातील लघुपुरवठादारांच्या संदर्भात

६.० उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर तुम्हांला :
• वृत्तान्त आणि मूल्यमापन यांतील फरक सांगता येईल.
• एखाद्या शासकीय योजनेतील निविष्ठा, कृती, निपज आणि फलित या चार पायऱ्या वेगळ्या करता येतील.
• ‘योजनेमुळे’ आणि ‘योजनेनंतर’ या दोन शब्दांतील अंतर ओळखता येईल.
• मूल्यमापन अहवालाच्या भाषेची चिकित्सा करता येईल व सदोष परिच्छेदाचे पुनर्लेखन करता येईल.

६.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण अहवाललेखनाचे प्रकार पाहिले. त्यांपैकी ‘मूल्यमापनपर अहवाल’ या प्रकाराचा आपण आता सविस्तर विचार करणार आहोत. वृत्तान्त हा काय घडले ते सांगतो. मूल्यमापन त्यापुढचा प्रश्न विचारते : जे घडले त्यातून कोणाचे काय बदलले? हा दुसरा प्रश्न अवघड असतो, आणि म्हणूनच पुष्कळदा पहिल्याचेच उत्तर दुसऱ्याचे म्हणून दिले जाते. ही अदलाबदल कशी होते, आणि तिच्यात भाषेचा वाटा किती असतो, हे समजून घेणे हा या घटकाचा मुख्य हेतू आहे.

अभ्यासासाठी आपण संरक्षण क्षेत्राला माल पुरविणाऱ्या लघुउद्योगांचे उदाहरण घेऊ. मराठीच्या अभ्यासक्रमात हा विषय प्रथमदर्शनी परका वाटेल. तो तसा का नाही हे पाहण्यासाठी एका वर्कशॉपची कल्पना करू. रोहा तालुक्यातील खांब हे गाव मुंबई–गोवा महामार्गावर, सुकेळी खिंड उतरल्यावर आणि कोलाडच्या अलीकडे लागते. समजा, तेथे रस्त्यालगत एका उद्योजकाचे वर्कशॉप आहे. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन, एक वेल्डिंग सेट आणि चार कामगार. धाटावच्या औद्योगिक वसाहतीतील रासायनिक कारखान्यांसाठी पंपाचे शाफ्ट, बुश, फ्लँज असे जॉबवर्क तो करतो. मुंबईतील जहाजबांधणी कारखान्याला असेच सुटे भाग लागतात आणि लहान उद्योगांकडून खरेदी करण्याचे सरकारचे धोरण आहे, हे त्याच्या कानावर येते. तो एका मार्गदर्शन शिबिराला जातो. त्या दिवशी वर्कशॉपमधले काम मागे पडते. शिबिरात ऐकलेल्या गोष्टींवर विश्वास ठेवून तो कर्ज काढतो, अचूक मोजमापाची उपकरणे घेतो, प्रमाणपत्रासाठी अर्ज करतो.

वर्षअखेरीच्या अहवालात हा माणूस एका आकड्याचा भाग होतो. ‘इतक्या लाभार्थ्यांना मार्गदर्शन करण्यात आले’, असे त्या अहवालात लिहिलेले असते. त्याला ऑर्डर मिळाली की नाही, मिळाली असल्यास बिल वेळेवर निघाले की नाही, कर्जाचा हप्ता कशातून गेला, हे त्या वाक्यात नसते. पुढच्या वर्षीची तरतूद मात्र त्या वाक्यावर ठरते. वाक्य चुकीचे असेल तर त्याची किंमत खांबच्या वर्कशॉपला मोजावी लागते. तुमच्यापैकी अनेकजण ग्रामपंचायत, बँक, शाळा, बचतगट किंवा शासकीय कार्यालयात काम करत असतील. असे वाक्य लिहिण्याची वा वाचण्याची वेळ तुमच्यावर येणारच आहे.

६.२ विषय-विवेचन

६.२.१ मार्गदर्शन योजनांचे स्वरूप

संरक्षण साहित्याचा बाजार इतर बाजारांहून वेगळा असतो. ग्राहक मुख्यतः एकच, म्हणजे सरकार व त्याच्या मालकीच्या कंपन्या. वस्तू आराखड्याबरहुकूम असावी लागते. धातूच्या चाचणीचे प्रमाणपत्र लागते. माल स्वीकारण्यापूर्वी तपासणी होते. प्रयोगातून वस्तू तयार होणे आणि तिची नियमित खरेदी सुरू होणे यांत काही वेळा वर्षे जातात. मोठी कंपनी हा काळ सोसू शकते; लहान उद्योगाचे खेळते भांडवल त्याआधीच संपते. म्हणून जगात अनेक ठिकाणी शासन अशा उद्योगांना हात देण्याच्या योजना आखते.

महाराष्ट्रात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, वरणगाव, भुसावळ, भंडारा, चंद्रपूर, अंबाझरी येथील आयुध निर्माणी, ओझर येथील विमान कारखाना, माझगाव येथील जहाजबांधणी कारखाना ही या क्षेत्राची आपल्याकडील ठळक केंद्रे होत. त्यांच्याभोवती लहान पुरवठादारांची वस्ती उभी राहिली. १ ऑक्टोबर २०२१ रोजी देशातील ४१ आयुध निर्माणींचे रूपांतर सात सरकारी कंपन्यांत झाले. त्यांपैकी ‘म्युनिशन्स इंडिया’चे मुख्यालय पुण्यात, तर ‘यंत्र इंडिया’चे नागपुरात आहे.

या उद्योगांसाठीच्या मदतीचे स्थूलमानाने तीन प्रकार पडतात.

(अ) बाजारपेठेची मदत : सूक्ष्म व लघु उद्योगांसाठीच्या २०१२ च्या सार्वजनिक खरेदी धोरणाने केंद्रीय मंत्रालये व सरकारी कंपन्यांवर वार्षिक खरेदीचा ठरावीक हिस्सा या उद्योगांकडून घेण्याचे बंधन घातले. आरंभी २० टक्के असलेला हा हिस्सा पुढे २५ टक्के झाला. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांसाठी ४ टक्के आणि महिला उद्योजकांसाठी ३ टक्के वाटा आहे. निविदा भरताना बयाणा रकमेतूनही या उद्योगांना सूट आहे.

(आ) पैशाची मदत : संरक्षण मंत्रालयाने २०१८ मध्ये ‘आयडेक्स’ योजना सुरू केली. सैन्यदले आपली गरज एका समस्येच्या रूपाने मांडतात. नवउद्योग व लघुउद्योग तिच्यावर उपाय सुचवतात. निवड झालेल्यांना दीड कोटी रुपयांपर्यंत अनुदान मिळू शकते. २०२१ मध्ये या योजनेसाठी पाच वर्षांकरिता सुमारे ४९८.८ कोटी रुपये मंजूर झाले आणि सुमारे ३०० उद्योगांना साहाय्य करण्याचे उद्दिष्ट ठरले.

(इ) ज्ञानाची मदत : ‘आयडेक्स’मधील निवडक उद्योगांना भागीदार उद्भवन केंद्रे मार्गदर्शन करतात. ‘झेड’ प्रमाणन योजनेत कांस्य, रौप्य व सुवर्ण अशा पायऱ्यांनी गुणवत्ता वाढवण्यास साहाय्य होते. २०२२ मध्ये ही योजना नव्या रूपात आली आणि प्रमाणनाच्या खर्चात सूक्ष्म उद्योगांना ८० टक्के, लघुउद्योगांना ६० टक्के, मध्यम उद्योगांना ५० टक्के सवलत ठरली. याशिवाय पुरवठादार मेळावे, शिबिरे व प्रदर्शने भरतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये मोशी येथे लघु व मध्यम उद्योगांसाठी असे एक संरक्षण प्रदर्शन झाले.

आपल्या विवेचनाचा रोख तिसऱ्या प्रकारावर राहील. पैसा मोजता येतो, खरेदी मोजता येते. ज्ञान मात्र दिले गेले म्हणजे पोहोचले, असे होत नाही.

६.२.२ चार पायऱ्या : निविष्ठा, कृती, निपज, फलित

मूल्यमापनाच्या परिभाषेत मराठीत अद्याप पूर्ण एकवाक्यता नाही. या घटकापुरते आपण चार शब्द निश्चित करू. शेतीच्या व्यवहारातून ते तुमच्या परिचयाचे असतील.

१) निविष्ठा : योजनेत घातलेले साधन. पैसा, तज्ज्ञांचा वेळ, सभागृह.
२) कृती : त्या साधनांनी केलेले काम. शिबिर, भेट, सल्ला.
३) निपज : कृतीतून थेट हाती आलेली गोष्ट. इतके उद्योजक उपस्थित राहिले, इतके करार झाले, इतकी प्रमाणपत्रे दिली गेली.
४) फलित : त्यामुळे उद्योजकाच्या स्थितीत झालेला बदल. माल पहिल्या तपासणीत उत्तीर्ण होऊ लागला, दुसरी ऑर्डर आली, नवा कामगार ठेवता आला.

पहिल्या तीन पायऱ्या योजना राबवणाऱ्याच्या हातात असतात, चौथी नसते. म्हणूनच अहवाल तिसरीवर थांबतात. पेणच्या गणपतीच्या कारखान्यातील एक गोष्ट येथे लक्षात घेण्याजोगी आहे. नवा मुलगा कारखान्यात किती महिने आला यावरून तो मूर्तिकार झाला, असे कोणी म्हणत नाही. तो शाडू मळतो, साच्यात भरतो, रंगकामाला हात लावतो. पण डोळ्यांची आखणी त्याच्या हाती सोपवली जाते तेव्हाच उस्तादाने त्याचे मूल्यमापन केलेले असते. हजेरी ही निपज आहे. सोपवलेली आखणी हे फलित आहे. कारागिरीच्या जगात हा फरक सगळ्यांना ठाऊक असतो. कागदावर उतरताना तो हरवतो.

आता ‘आयडेक्स’चे उदाहरण घ्या. शासकीय माहितीनुसार फेब्रुवारी २०२५ पर्यंत या योजनेत ५४९ समस्या मांडल्या गेल्या, ६१९ नवउद्योग व लघुउद्योग सहभागी झाले आणि ४३० करार झाले. यातील प्रत्येक आकडा महत्त्वाचा आहे, आणि प्रत्येक आकडा निपजेचा आहे. करार म्हणजे वस्तू विकसित करण्याची संधी. मूल्यमापन करणाऱ्याने यापुढे जाऊन विचारायला हवे : करारांपैकी किती वस्तू चाचणीत उत्तीर्ण झाल्या? किती वस्तूंची सैन्यदलांनी प्रत्यक्ष खरेदी केली? खरेदी होईपर्यंत उद्योग टिकून राहिला का? हे प्रश्न विचारणे म्हणजे योजनेवर अविश्वास दाखवणे नव्हे. आज झालेल्या कराराचे फलित दिसायला काही वर्षे लागू शकतात, हेही मूल्यमापनकर्त्याने सांगितले पाहिजे. मात्र निपजेला फलिताचे नाव देता कामा नये.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
पुढील विधाने कोणत्या पायरीची आहेत ते लिहा.
अ) योजनेसाठी दोन तज्ज्ञांची नेमणूक झाली.
आ) साठ उद्योजकांनी प्रशिक्षण पूर्ण केले.
इ) प्रशिक्षणानंतर परत आलेल्या सदोष मालाचे प्रमाण घटले.
ई) प्रत्येक वर्कशॉपला महिन्यातून एकदा भेट दिली गेली.

६.२.३ अमेरिकेतील एक बोधप्रद उदाहरण

आपल्याकडील योजना तुलनेने नव्या आहेत. दीर्घकाळ चाललेल्या आणि वारंवार तपासल्या गेलेल्या योजनेचे उदाहरण पाहायचे तर अमेरिकेकडे वळावे लागते. तेथील संरक्षण खात्याची मार्गदर्शक–आश्रित योजना नोव्हेंबर १९९० च्या कायद्याने प्रायोगिक म्हणून सुरू झाली. मोठ्या कंत्राटदार कंपनीने एका लहान कंपनीला हाताशी धरायचे, तिला तांत्रिक व व्यावसायिक ज्ञान द्यायचे, आणि त्या बदल्यात मोठ्या कंपनीला खर्चाची भरपाई किंवा लहान उद्योगांना उपकंत्राटे देण्याच्या तिच्या उद्दिष्टात श्रेय मिळायचे, अशी ही रचना. ‘प्रायोगिक’ असे नाव असलेली ही योजना तीन दशकांहून अधिक काळ मुदतवाढ घेत राहिली आणि डिसेंबर २०२२ च्या कायद्याने कायम झाली.

या काळात अमेरिकी काँग्रेससाठी काम करणाऱ्या लेखापरीक्षण संस्थेने तिची अनेकदा तपासणी केली. त्यांतील तीन अहवालांचा सूर आपल्यासाठी उद्बोधक आहे. २००१ च्या अहवालाने म्हटले की योजनेचे लाभ निर्णायकपणे सिद्ध होत नाहीत. २००७ च्या अहवालात लहान कंपन्या योजनेला मोलाची मानतात असे आढळले. पण काँग्रेसला दिल्या जाणाऱ्या वार्षिक माहितीत सुधारणा हवी, असेही सांगितले गेले. २०११ मध्ये निरनिराळ्या खात्यांच्या अशा योजना एकत्र तपासल्या, तेव्हा बहुतेक ठिकाणी करार संपल्यानंतर लहान कंपनीचे पुढे काय झाले याचा माग ठेवणे बंधनकारक नव्हते, असे दिसून आले. संरक्षण खाते मात्र करारानंतरही दोन वर्षे माहिती मागत होते.

या तीन निष्कर्षांत विरोध नाही. ‘लाभ सिद्ध होत नाही’ म्हणजे ‘लाभ झाला नाही’ असे नव्हे. आणि ‘सहभागी समाधानी आहेत’ म्हणजे ‘लाभ सिद्ध झाला’ असेही नव्हे. अहवालाची भाषा या तीन विधानांना वेगळे ठेवू शकली, म्हणून वाचक स्वतःचे मत बनवू शकला. मूल्यमापकाचे भाषिक कौशल्य ते हेच.

६.२.४ ‘नंतर’ आणि ‘मुळे’

आपल्या खांबच्या उद्योजकाकडे परत येऊ. शिबिराला गेल्यानंतर दोन वर्षांत त्याची उलाढाल वाढली, असे समजा. ती शिबिरामुळे वाढली का? येथे तीन अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण निवडीची. शिबिराला कोण जातो? ज्याच्याकडे एक दिवस काम बंद ठेवण्याइतकी ऐपत आहे, ज्याला कागदपत्रांची भीती वाटत नाही, ज्याच्या अंगी मुळातच धडपड आहे, तो. असा माणूस शिबिराविनाही पुढे गेला असता. योजनेत आलेल्यांची प्रगती पाहताना न आलेल्यांची प्रगतीही पाहावी लागते ती यासाठी. अर्ज करूनही ज्यांना प्रवेश मिळाला नाही अशा उद्योजकांशी केलेली तुलना त्यातल्या त्यात न्याय्य ठरते. कारण धडपड दोघांकडेही होती.

दुसरी अडचण काळाची. ज्या वर्षांत योजना चालू होती त्याच वर्षांत इतरही पुष्कळ घडत होते. २०२० मध्ये करोनाची टाळेबंदी आली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये संरक्षण मंत्रालयाने १०१ वस्तूंची अशी यादी जाहीर केली की ज्यांची आयात टप्प्याटप्प्याने बंद व्हायची होती. पुढच्या वर्षी आयुध निर्माणींच्या कंपन्या झाल्या. २०१९ आणि २०२३ या दोन वर्षांची उलाढाल शेजारीशेजारी मांडून ‘ही मार्गदर्शनाची किमया’ म्हणणारा अहवाल या सगळ्या घडामोडी पुसून टाकतो.

तिसरी अडचण गळतीची. काही काळाने उद्योजकांना पुन्हा विचारायला जावे, तर जे टिकले तेच भेटतात. ज्यांचे वर्कशॉप बंद पडले त्यांचा फोन लागत नाही. टिकलेल्यांच्या सरासरीवरून योजना प्रत्यक्षाहून उजळ दिसते. म्हणून किती जणांशी संपर्क झाला नाही, हा आकडाही अहवालात द्यावा लागतो. बंद पडलेल्या एका वर्कशॉपची कहाणी पुष्कळदा चालू असलेल्या दहा वर्कशॉपपेक्षा अधिक शिकवते.

६.२.५ निदान बरोबर आहे का?

याहून मूलभूत असा एक प्रश्न आहे. मार्गदर्शन देताना आपण गृहीत धरतो की समोरच्याकडे ज्ञानाची उणीव आहे. ती असतेच असे नाही. कधी त्याला सगळे ठाऊक असते. उणीव असते ती पैशाची.

सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास अधिनियम, २००६ मध्ये याविषयी स्पष्ट तरतूद आहे. सूक्ष्म व लघु पुरवठादाराचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यायचे, आणि करार काहीही असला तरी ही मुदत ४५ दिवसांहून अधिक असता कामा नये. उशीर झाल्यास रिझर्व्ह बँकेने अधिसूचित केलेल्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ पद्धतीने व्याज द्यावे लागते. तक्रारीसाठी सुविधा परिषदा आहेत. कायदा इतका भक्कम असूनही लहान पुरवठादार तक्रारीला कचरतो. कारण ज्याच्याविरुद्ध दाद मागायची तोच त्याचा उद्याचा, आणि अनेकदा एकमेव, ग्राहक असतो. अशा माणसाला ‘निविदा कशी भरावी’ यावर चौथे व्याख्यान दिले तर ते उत्तम असूनही निरुपयोगी ठरेल.

म्हणून योजना चांगली राबवली गेली का, या प्रश्नाच्या आधी योजना नेमक्या दुखण्यावर होती का, हे विचारावे लागते. आपल्या देशात शासकीय मूल्यमापनाची परंपरा जुनी आहे. १९५२ मध्ये सामुदायिक विकास कार्यक्रमाच्या निमित्ताने कार्यक्रम मूल्यमापन संघटना स्थापन झाली. आज नीती आयोगाचे विकास संनियंत्रण व मूल्यमापन कार्यालय हे काम पाहते. ते वापरत असलेल्या कसोट्यांत पहिली कसोटी समर्पकतेची आहे. त्यानंतर परिणामकारकता, कार्यक्षमता, शाश्वतता, प्रभाव आणि समन्याय या येतात. शेवटच्या कसोटीकडे आपण विशेष लक्ष द्यावे. मार्गदर्शनाचा लाभ पुणे–पिंपरीच्या उद्योजकाला आणि रोहा तालुक्यातील उद्योजकाला सारखा पोहोचला का, स्त्री उद्योजकापर्यंत पोहोचला का, आणि मार्गदर्शन कोणत्या भाषेत झाले, हे प्रश्न समन्यायात येतात. तांत्रिक अटी इंग्रजीत, प्रश्न मराठीत आणि उत्तर हिंदीत, असे शिबिर झाले असेल तर त्याची नोंद मूल्यमापनात झालीच पाहिजे.

६.२.६ मूल्यमापनाची भाषा

आता भाषेच्या विद्यार्थ्याने पाहायच्या चार जागा लक्षात घेऊ.

(अ) ‘-ण्यात आले’ ही रचना : ‘मार्गदर्शन करण्यात आले’, ‘योजना राबविण्यात आली’. या रचनेत कर्ता सांगण्याची गरज उरत नाही. कार्यालयीन मराठीत तिला स्थान आहे. आदेश व्यक्तीचा नसून कार्यालयाचा आहे, हे ती सुचवते. परंतु मूल्यमापनात कर्ता हीच माहिती असते. मार्गदर्शन कोणी केले? लेथवर काम केलेल्या अभियंत्याने, की केवळ योजनेची पुस्तिका वाचून दाखवणाऱ्याने? कर्ता लिहायला घेतला की ही माहिती शोधावीच लागते.

(आ) ‘दिसून आले’, ‘आढळून आले’ : कोणाला दिसले, कशावरून दिसले? ‘क्षमतावृद्धी झाल्याचे दिसून आले’ या वाक्यात पाहणारा नाही आणि पाहिलेली वस्तूही नाही. ‘तपासणीत परत आलेल्या नगांची संख्या मोजली’, असे म्हटले की दोन्ही हजर होतात.

(इ) ‘-करण’ आणि ‘-वृद्धी’ : सक्षमीकरण, सबलीकरण, क्षमतावृद्धी. ही नामे क्रियापदांपासून दूर गेलेली आहेत. त्यांना पुन्हा क्रियापदात आणा. कोण, काय करू लागला? पूर्वी तो काय करू शकत नव्हता?

(ई) ‘लाभार्थी’ : हा शब्द सर्वाधिक विचार करण्याजोगा आहे. लाभ + अर्थी, म्हणजे लाभाची इच्छा धरणारा. ‘विद्यार्थी’ या शब्दाची घडण तशीच आहे. विद्या हवी असलेला तो विद्यार्थी. ती त्याला मिळाली आहे, असे हा शब्द सांगत नाही. प्रशासकीय वापरात मात्र ‘लाभार्थी’चा अर्थ ‘ज्याला लाभ मिळाला तो’ असा झाला आहे. नाव नोंदवले की माणूस लाभार्थी होतो आणि शब्दाच्या जोरावर लाभही झालेला ठरतो. जे सिद्ध करायचे तेच शब्दाने आधी गृहीत धरले! अमेरिकी योजनेत लहान कंपनीसाठी योजलेला शब्द मूळ फ्रेंच असून त्याचा अर्थ ‘संरक्षण लाभलेला’ असा होतो. गृहीतक तेथेही आहे. म्हणून मूल्यमापन अहवालात ‘सहभागी’ हा शब्द अधिक प्रामाणिक ठरतो. लाभ झाला का, हे पुढच्या वाक्यांना सांगू द्यावे.

६.२.७ पुनर्लेखनाचा नमुना

पुढील परिच्छेद केवळ सरावासाठी रचलेला आहे. त्यातील आकडे काल्पनिक आहेत.

मूळ : “सदर वर्षात १२० लघुउद्योजकांना संरक्षण उत्पादनाबाबत मार्गदर्शन करण्यात आले. उपक्रमास उत्स्फूर्त प्रतिसाद लाभला. लाभार्थ्यांची क्षमतावृद्धी झाल्याचे दिसून आले. योजना यशस्वीरीत्या राबविण्यात आली.”

पुनर्लेखन : “वर्षभरात तीन एकदिवसीय शिबिरे झाली. निवृत्त गुणवत्ता निरीक्षकांनी त्यांत मार्गदर्शन केले. एकूण १२० उद्योजक उपस्थित होते. सहा महिन्यांनंतर आम्ही सर्वांशी संपर्क साधण्याचा प्रयत्न केला. ८४ जणांनी माहिती दिली. त्यांपैकी २० जणांनी शिबिरानंतर प्रथमच निविदा भरली, ९ जणांना ऑर्डर मिळाली आणि त्यांतील ६ जणांचा माल पहिल्या तपासणीत स्वीकारला गेला. उरलेल्या ३६ जणांविषयी विधान करता येत नाही. शिबिराला न आलेल्या उद्योजकांची माहिती आम्ही घेतलेली नाही. त्यामुळे या ऑर्डरी शिबिरामुळेच मिळाल्या, असा दावा आम्ही करत नाही. निविदा न भरणाऱ्यांपैकी बहुतेकांनी खेळत्या भांडवलाची अडचण सांगितली. पुढील वर्षी शिबिरांची संख्या वाढवण्यापूर्वी या अडचणीचा विचार व्हावा.”

दुसरा परिच्छेद लांब आहे आणि त्यात ‘यशस्वी’ हा शब्द नाही. तरीही योजनेसाठी तोच अधिक उपकारक आहे. पहिल्या परिच्छेदावरून पुढच्या वर्षी फक्त तेच पुन्हा करता येते. दुसऱ्यावरून काय बदलायचे ते कळते. मर्यादा सांगितल्याने अहवाल दुबळा होतो, ही समजूत चुकीची आहे. जो अहवाल काय माहीत नाही ते सांगतो, त्याने सांगितलेल्या बाकीच्या गोष्टींवर विश्वास बसतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
अ) ‘लाभार्थी’ हा शब्द मूल्यमापनात अडचणीचा का ठरतो? दोन-तीन वाक्यांत लिहा.
आ) “महिला उद्योजकांचे सक्षमीकरण करण्यात आल्याचे दिसून आले.” या वाक्यात कोणती माहिती अनुपस्थित आहे?

६.३ सारांश

मार्गदर्शन योजनेचे मूल्यमापन म्हणजे शिबिरांची मोजदाद नव्हे. निविष्ठा, कृती आणि निपज यांच्या पलीकडे जाऊन सहभागी व्यक्तीच्या स्थितीत काय बदलले, हे त्यात पाहावे लागते. बदल योजनेनंतर झाला एवढ्याने तो योजनेमुळे झाला असे ठरत नाही. निवड, काळ आणि गळती या तिन्हींचा विचार करावा लागतो. त्याही आधी, उणीव खरोखर ज्ञानाची होती का, हे तपासावे लागते. कर्ता लपवणारी रचना, मोघम नामे आणि ‘लाभार्थी’सारखे शब्द निष्कर्ष आधीच गृहीत धरतात. खांबच्या वर्कशॉपमधील माणसाला स्वतःची हकीकत ज्यात ओळखता येईल, तो अहवाल चांगला मानावा.

६.४ पारिभाषिक शब्द

निविष्ठा : योजनेत वापरलेली साधने.
निपज : कृतीतून थेट मिळालेली, मोजता येणारी गोष्ट.
फलित : सहभागी व्यक्तीच्या स्थितीत झालेला बदल.
समर्पकता : योजना व प्रत्यक्ष गरज यांचा मेळ.
समन्याय : लाभाची वाटणी न्याय्य असणे.
उद्भवन केंद्र : नव्या उद्योगांना आरंभीच्या काळात जागा, सल्ला व संपर्क पुरवणारी संस्था.
बयाणा रक्कम : निविदेसोबत भरावी लागणारी अनामत.

६.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : अ) निविष्ठा, आ) निपज, इ) फलित, ई) कृती.
प्रश्न २ : अ) शब्दाचा मूळ अर्थ ‘लाभ इच्छिणारा’ असा असूनही वापरात तो ‘लाभ मिळालेला’ असा झाला आहे. त्यामुळे जे सिद्ध करायचे ते आधीच गृहीत धरले जाते. आ) सक्षमीकरण कोणी केले, किती व कोणत्या महिलांचे केले, त्या पूर्वी करू शकत नव्हत्या असे काय करू लागल्या, आणि हे कोणाला कशावरून दिसले, ही माहिती नाही.

६.६ सरावासाठी स्वाध्याय व उपक्रम

१) ‘योजनेनंतर’ आणि ‘योजनेमुळे’ यांतील फरक तुमच्या परिसरातील एखाद्या योजनेच्या आधारे स्पष्ट करा.
२) सहभागींचे समाधान हा लाभाचा पुरावा मानता येईल का? अमेरिकी योजनेच्या तपासण्यांच्या आधारे चर्चा करा.
३) उपक्रम : तुमच्या गावातील एखाद्या वर्कशॉप, गिरणी, बचतगट किंवा कारखान्याच्या चालकांना भेटा. त्यांनी कोणत्या शासकीय मार्गदर्शनात भाग घेतला, त्यानंतर त्यांनी काय वेगळे केले आणि त्यांची खरी अडचण कोणती होती, हे विचारा. त्यांचे नाव न देता, ‘-ण्यात आले’ ही रचना एकदाही न वापरता, ३०० शब्दांत मूल्यमापनपर टिपण लिहा. लिहून झाल्यावर ते टिपण त्यांनाच वाचून दाखवा आणि त्यांनी सुचवलेली दुरुस्ती शेवटी नोंदवा.